सरांना टेक्निकल

नंदुरबारकडे मुलींचा बास्केटबॉल आणला तो आमच्या सरांनी. कुणी विचारलं तर मी आजही हेच सांगते, आणि सांगताना तोंड कडू होतं.

मी तेव्हा आठवीत होते. धानोऱ्याकडच्या आमच्या गावाहून एसटीनं नंदुरबारला शाळेत यायचे. शाळेच्या मागे बाभळी आणि चिखल होता. सरांनी सुट्टीत मजूर लावून तिथं मुरूम टाकून घेतला, स्वतः रोलर ओढला, चुन्यानं रेघा मारल्या आणि जुन्या दरवाज्याच्या फळ्या रंगवून बोर्ड उभे केले. मग आमच्या वर्गावर येऊन उंच उंच मुली निवडल्या. मी उंच होते, एवढाच माझा गुण. खेळ कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं.

अडचण घरी होती. आमचं पाटलांचं घर, तापीकाठची कापसाची-केळीची शेती, भावकी मोठी. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. सर स्वतः मोटारसायकलनं गावात आले, ओट्यावर बसले, आईनं केलेली कळण्याची भाकरी जेवले. अप्पांनी विचारलं, पोरगी चड्डी घालीसन खेळी का? सर म्हणाले, "अप्पा, मी तिले मन्ही पोर समजीसन लई जास." अप्पांनी पुढे एक शब्द विचारला नाही. माझी पोर समजून नेतो, म्हटल्यावर विचारायला काही उरतच नाही.

सरांनी शब्द पाळला, हेही खरं. बाहेरगावी सामने असले की ते आमच्या खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसत. जिंकलो की फाफडा-जिलबी. कुणाला ताप आला तर मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेत. आणि मैदानावर ते आम्हाला म्हैस म्हणत, पोतं म्हणत, आयांचा उद्धार करत. पास चुकला की सगळ्यांसमोर कान धरून उभं करत. एकदा एका मुलीची पॅंट मागून लाल झाली होती आणि ती धावायला बिचकत होती, तर बाकावरून ओरडून त्यांनी ते अख्ख्या मैदानाला सांगितलं. परतीच्या गाडीत आम्ही एकमेकींना सरांच्या शिव्या नक्कल करून दाखवायचो आणि हसायचो. ती मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुढच्या वर्षी ती आली नाही. सर म्हणाले, नाजूक होती.

पुढे मी बी.पी.एड. केलं, नंदुरबारातच दुसऱ्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाले आणि पंचाची परीक्षा दिली. पंचांच्या शिबिरात आम्हाला कोचच्या वागणुकीवर एक अख्खं सत्र होतं. पंचाशी उद्धट बोलला, समोरच्या संघाला चिडवलं, स्कोअर लिहिणाऱ्यांशी हुज्जत घातली, बाक लाथाडला, आखलेली जागा सोडून मैदानात आला, तर काय करायचं ते शिकवलं. साधी गोष्ट असेल तर आधी समज. ऐकलं नाही तर टेक्निकल फाऊल, दोन हातांनी इंग्रजी टी करून दाखवायचा. दुसरा टेक्निकल झाला की कोच मैदानाबाहेर. टेक्निकल कोचच्या नावावर लागतो, पण फ्री थ्रो समोरच्या संघाला मिळतो. म्हणजे गुन्हा कोचचा, किंमत मुलींची.

दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या एका बाईंनी हात वर करून विचारलं, आणि कोच स्वतःच्याच खेळाडूला वाटेल ते बोलला तर?

वर्गात हशा पिकला. शिकवणारे गृहस्थ जुने पंच होते. ते म्हणाले, नियमात दिलेली यादी पूर्ण नसते, न शोभणारं काहीही पंच पकडू शकतो. पण तुम्ही त्यात पडू नका. तो त्यांचा घरचा प्रश्न असतो. पुढचा मुद्दा.

त्या मुद्द्यापाशी मी बरीच वर्षं थांबले आहे.

मग मी सरांनाच टेक्निकल दिला. ती स्पर्धा आंतरशालेय होती, सतरा वर्षांखालील मुलींची, इथल्याच एका क्रीडा मंडळानं भरवलेली. उपांत्य सामन्याला पंच म्हणून मी आणि माझ्यापेक्षा लहान एक शिक्षक. एका बाजूला शहाद्याकडची शाळा, दुसऱ्या बाजूला सरांचा संघ. सरांचे केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. सामन्याआधी मी पाया पडले. पंचानं कोचच्या पाया पडू नये, हे मला कळत होतं. पण आमच्याकडे शिक्षकाला पाहून हात खाली जातातच. सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ही माझी पोरगी.

त्यांच्या संघात एक मुलगी होती, डोंगरातली, काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. सरांनी तिला कुठल्याशा धावण्याच्या शर्यतीत पाहिलं होतं आणि तालुक्याहून उचलून नंदुरबारच्या वसतिगृहात आणलं होतं. चपळ इतकी, की समोरची मुलगी वळेपर्यंत ही बास्केटखाली पोचलेली. घरी भिली बोलणारी. मराठी शाळेतली, तीही जपून. मैदानावर ती एक शब्द बोलत नसे. बास्केटबॉलमध्ये हे चालत नाही. पाठीमागून कुणी आडवं उभं राहत असेल, तर आपल्या मैत्रिणीला ओरडून सांगावं लागतं, नाहीतर ती जाऊन आदळते. ही सांगत नसे. पहिल्या वर्षी ती 'मागं बघ' असं काहीतरी ओरडली होती, उच्चार निराळा आला आणि स्वतःच्याच संघातल्या मुली हसल्या होत्या. तेव्हापासून गप्प. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढं दिसत होतं की सगळ्यात चांगली खेळणारी मुलगी मुकी आहे.

पहिल्या डावातच सर माझ्या निर्णयांवर बोलू लागले. मी जवळ जाऊन हळू आवाजात समज दिली. ते मान डोलावून हसले. जुन्या विद्यार्थिनीनं चहा आणून द्यावा आणि आपण तो घ्यावा, तसं.

तिसऱ्या डावात सामना अटीतटीला आला. त्या मुलीनं सांगितलं नाही म्हणून तिच्या जोडीदारणीची टक्कर झाली आणि समोरच्यांनी सोपी बास्केट केली. सरांनी टाइमआउट घेतला. मी बॉल घेऊन त्यांच्या बाकापासून चार पावलांवर उभी होते. पंचानं उभं राहावं तिथंच.

सरांनी बाकीच्या मुलींना पाणी प्यायला लावलं आणि हिला समोर उभं केलं. आवाज मुद्दाम मोठा. "बोलता येस नही तुले? मंग बकरीनागत वरड. तेवढं तरी येस ना?"

बघायला बसलेल्या लोकांमध्ये हसू फुटलं. समोरच्या बाकावरच्या मुलीही हसल्या. सरांना हसू ऐकू आलं की चेव चढतो, हे मला आठवीपासून माहीत आहे. ते म्हणाले, "वरड. तवपावत खेळाले जावानं नही."

ओरडल्याशिवाय खेळायला जायचं नाही.

मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. तिला वाटलं असेल की हा हुकूम आहे आणि तो पाळला की संपेल. ती बकरीसारखी ओरडली. मोठ्यानं नाही, पण नीट ओरडली, जशी बकरी खरंच ओरडते तशी. जिनं लहानपणी बकऱ्या राखल्या आहेत तिलाच असा आवाज काढता येतो. मग लोक असे हसले की पलीकडच्या कबड्डीच्या मैदानावरून माणसं वळून बघू लागली. कुणीतरी मोबाइल वर धरला होता.

मी शिट्टी वाजवली आणि टी दाखवला.

आधी कुणाला काही कळलंच नाही. टाइमआउटमध्ये फाऊल कसला? माझा जोडीदार पंच धावत आला आणि कुजबुजला की मॅडम, ते तुम्हाला काही बोलले नाहीत. मी म्हटलं, माहीत आहे. स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलवर जाऊन मी सांगितलं, कोच, टेक्निकल, खेळाडूचा अपमान.

सर संथ चालत आले. रागावलेले नव्हते. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"काय व्हयनं?"

"टेक्निकल आहे, सर."

"मन्ही खेळाडू शे ती."

"ती मैदानावर आहे, सर. मैदान माझ्याकडे आहे."

मी शाळेतल्या मराठीत बोलत होते आणि ते घरच्या अहिराणीत. ते मला ओट्यावर ओढत होते, मी जात नव्हते. ते थोडे पुढे वाकले. हे मात्र फक्त मला ऐकू आलं. "तुले बी असंच शिकाडं ना मी? मरी गई का तू?"

नियमात त्याला उत्तर नाही. मी बॉल शहाद्याच्या मुलीच्या हातात दिला. तिनं फ्री थ्रो मारला, तो रिंगवर आपटून बाहेर आला. म्हणजे गुणफलकावर काहीच हललं नाही. सरांच्या मुलींना त्या फाऊलचा एका गुणाचाही तोटा झाला नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण नंतर सगळ्यांनी सांगितलं की माझ्यामुळे त्या हरत होत्या.

थ्रो चुकला तसे सर बाकाकडे वळले, दोन्ही हात पसरून लोकांना म्हणाले, "हिले चड्डी घालाले मी शिकाडं, आते ही माले नियम शिकाडस."

लोक पुन्हा हसले. माझ्या शाळेतल्या मुली तिथं बसल्या होत्या, त्यांच्यापैकी काही खाली बघू लागल्या. मी दुसरा टी दाखवला आणि मैदानाबाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्या टेक्निकलवर कुणाला शंका नव्हती. पंचाची उघड टिंगल, पुस्तकातला पहिला धडा.

सर गेले, पण एकटे गेले नाहीत. "चाला वं पोरींहो," म्हणाले, आणि मुलींनी पिशव्या उचलल्या. आम्ही नियमाप्रमाणे वाट पाहिली. शहाद्याच्या मुली मैदानात उभ्याच होत्या, एक जण बॉल आपटत होती. मग सामना त्यांना बहाल केला. कुणी टाळी वाजवली नाही. डोंगरातली मुलगी सगळ्यात मागे चालत गेली, सरांची पाण्याची कॅन उचलून.

संध्याकाळपर्यंत मंडळाची बैठक बसली. सर त्या मंडळाचे सभासद, त्यामुळे ते टेबलाच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला. चहा सगळ्यांना आला. माझ्याशी सगळे आदरानं बोलले, बाईंशी बोलतात तसं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुसरा टेक्निकल बरोबर होता, कारण तो पंचाच्या अपमानाचा होता. पहिला चुकीचा, कारण कोच आपल्या खेळाडूशी बोलत होता. पहिला चुकीचा म्हणजे एकच टेक्निकल उरला. एकच उरला म्हणजे कोचला बाहेर काढता येत नव्हतं. आणि कोचला उगाच बाहेर काढलं म्हणून संघ गेला, तर सामना पुन्हा व्हायला हवा.

मी म्हटलं, यादी पूर्ण नसते, नियमातच तसं आहे. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेतलंत. चड्डीचं बोलणं लागलं तुम्हाला, साहजिक आहे. मी सांगितलं की चड्डीचं बोलणं नंतरचं आहे, आधी बकरी. पण त्यांच्या डोक्यात क्रम उलटा झाला होता आणि तो परत सरळ झाला नाही. आजही गावात गोष्ट अशीच सांगतात की सर चड्डीवरून बोलले आणि बाईनं त्यांना हाकललं. बकरी त्या गोष्टीत नाहीच.

मग एकाला न्यायबुद्धी सुचली. त्यानं मुलीलाच बोलवा म्हटलं. वसतिगृहातून तिला आणलं. टेबलाच्या त्या बाजूला सर बसलेले. तिला विचारलं, सरांनी तुझा अपमान केला का? तिला अपमान हा शब्द कळला की नाही, देव जाणे. ती म्हणाली, नाही. मग विचारलं, सर गंमत करत होते का? ती म्हणाली, हो. झालं. जिच्या मराठीला तिच्याच संघातल्या मुली हसल्या होत्या, तिची साक्ष मराठीत घेतली आणि दोन शब्दांत प्रकरण मिटलं. सर तिला म्हणाले, जा बेटा, जेवून घे.

सामना पुन्हा झाला. पंच दुसरे होते. सरांचा संघ जिंकला, अंतिम सामनाही जिंकला. माझ्या जोडीदार पंचानं फोन करून हे सांगितलं आणि म्हणाला, मॅडम, तुमचं बरोबर होतं, पण एवढं ताणायला नको होतं. तुमचं बरोबर होतं म्हणणारे मला त्या महिन्यात पुष्कळ भेटले. सगळे फोनवर किंवा जिन्यात भेटले. बैठकीत एकही नव्हता. मी त्याला विचारलं, ती मुलगी कशी खेळली? तो म्हणाला, ती नव्हती. सरांनी तिला संघात घेतलं नाही, म्हणाले डोकं फिरलंय तिचं.

परीक्षा झाल्यावर ती वसतिगृह सोडून गेली, एवढंच मग ऐकू आलं.

ती मला पुन्हा भेटली ते निवडणुकीच्या ड्युटीमुळे. आम्हा शिक्षकांना कुठंही टाकतात. मला अक्कलकुव्याच्या वरचं केंद्र आलं होतं. मतदान आटोपून दुसऱ्या दिवशी परतताना आमची गाडी मोलगीला थांबली. बाजाराचा दिवस होता. आमचूरच्या गोण्या, मोहाची फुलं, प्लास्टिकच्या चपला. ती आईबरोबर आमचूर घेऊन बसली होती. तिनंच मला आधी ओळखलं आणि उभी राहिली. उंची वाढली होती.

मी विचारलं, खेळतेस का? ती म्हणाली, नाही. शाळेत रिंग आहे, खांब वाकलाय. मग मी ते विचारलं जे विचारायला माझ्याकडे कारण नव्हतं. सरांवर राग येतो का?

"सर रोजच बोलायचे, मॅडम," ती म्हणाली. "मी एकदा ओरडले, तेवढ्यावर संपलं असतं. मी खेळले असते."

"सगळे हसत होते गं."

"हसून गेले असते. तुम्ही शिट्टी वाजवली, मग सगळ्यांनी ते मोबाइलवर पाहिलं. इथं पाड्यावर पण आलं. आता पोरं मला बघून बकरीसारखं ओरडतात."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसात रस्ता वाहून गेला हे सांगावं, तसं ती सांगत होती. मला म्हणायचं होतं की मोबाइल शिट्टीच्या आधीच वर होता. तसं मी म्हटलंही. ती 'हो' म्हणाली, बैठकीत म्हणाली होती तसंच. तिच्या आईनं भिलीत काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी उत्तर दिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पानात बांधलेला मूठभर आमचूर माझ्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या सहकारी बाईंना मी ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, बघा, म्हणूनच आपण पडू नये. मला भांडायचं होतं, पण घाटात बोलणं नको वाटलं. मी आजही त्या बाईंशी सहमत नाही, त्या मुलीशीही नाही. रोज बोलायचे आणि एक दिवस कुणीतरी थांबवलं, यात तो एक दिवस चुकीचा कसा ठरतो? रोज चुकीचं ठरायला हवं. पण हे मी कुणाला सांगणार? तिचा खेळ गेला आणि माझं म्हणणं बरोबर राहिलं. अशा बरोबर असण्याचं लोणचं घालावं.

त्यानंतर मला मुख्य पंच म्हणून कुणी बोलावलं नाही. स्पष्ट नाही म्हणत नाहीत. टेबलवर बसा म्हणतात, मॅडम, तुमचं अक्षर छान आहे. मागच्या हंगामात मी टेबलवर होते. एका शाळेचा कोच, सरांचाच विद्यार्थी, माझ्यापेक्षा खालच्या बॅचचा, बाकावरून एका जाड मुलीला काहीबाही बोलत होता. शब्दसुद्धा तेच, म्हैस आणि पोतं. नवा पंच तिथून पळत गेला. त्यानं ऐकलं, मला दिसलं की ऐकलं, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खेळ चालू ठेवला. मी त्याला काही बोलू शकत नव्हते, टेबलवरच्यांनी बोलायचं नसतं.

सर यंदा निवृत्त झाले. मोठा सत्कार झाला. माजी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोला, असा निरोप मला आला. मी गेले नाही. अप्पा गेले. धोतर-टोपी घालून, हातात शाल घेऊन, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. निघताना मी दारात उभी होते. त्यांना सगळं माहीत आहे, मीच सांगितलंय. ते म्हणाले, "तुन्हं बरोबर शे. पन त्या सर शेतस. त्या ओट्यावर जेवेल शेतस."

जेवलेल्या माणसाला आमच्याकडे सगळं माफ असतं.

अप्पा संध्याकाळी परत आले ते खुशीत. गर्दी किती, हार किती, कोण कोण बोललं, सगळं आईला सांगत बसले. मी आत भांडी लावत होते. मग त्यांनी मला हाक मारली. सरांनी त्यांना बाजूला घेऊन माझी चौकशी केली होती म्हणे. अप्पांनी सरांसारखाच आवाज काढून सांगितलं, "पोर आजून रागमा शे का?"

म्हणजे इतक्या सगळ्याचं त्यांनी एवढंच केलं होतं. पोर रागावली आहे. कधीतरी राग जाईल.

"काय सांगितलं तुम्ही?" मी विचारलं.

अप्पा म्हणाले, नही म्हनी दिन्हं. कार्यक्रम होता ना.

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "पुढच्या वेळी भेटले तर सांगजात," म्हटलं, "आजून शे."